एक हजार ऐंशी ओळी

९ जानेवारी

नवा टीव्ही आला. लेकीने परस्पर पाठवला. विचारायची सवय तिच्या वडिलांनाही नव्हती. दोन माणसं आली, भिंतीला भोकं पाडली, टीव्ही टांगला, जुन्या सेट-टॉप बॉक्सची जुनीच वायर त्यात खुपसली आणि गेली.

वन्सं हरखून गेल्यात. "वहिनी, केवढा गं! माणसं आपल्याएवढी दिसतात."

दिसतात खरी, पण कशी? ओल्या कागदावर शाई फुटावी तशी. चेहरे रुंद, कडा पुसट. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

१२ जानेवारी

तीन दिवस पुस्तिका वाचतेय. अक्षर मुंगीएवढं आणि छपाई भिकार, तरी एक गोष्ट कळली. हा पडदा म्हणजे ठिपक्यांचं जाळं. आडव्या एक हजार ऐंशी ओळी आणि प्रत्येक ओळीत एकोणीसशे वीस ठिपके. आमचा बॉक्स मात्र जुन्या पिवळ्या वायरीतून जेमतेम पावणेसहाशे ओळी पाठवतो. उरलेल्या ओळी टीव्ही मनानेच भरतो. शेजारच्या ठिपक्याकडे बघून अंदाज करतो नि रंग फासतो.

हे मला चटकन पटलं, कारण सारी नोकरी मी इमारतींचे नकाशे काढण्यात घालवली. लहान नकाशा यंत्रावर मोठा करून आणला की साहेब खूश व्हायचे. मी सांगायची, कागद मोठा झाला साहेब, माहिती तेवढीच आहे. ज्या दाराची रेघच मुळात काढली नाही ते मोठं करून उघडणार कसं?

वन्संना हे समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो थापा मारतो म्हण ना."

१५ जानेवारी

जिंकले! टीव्हीच्या खोक्यात तळाला एक चपट्या तोंडाची एचडीएमआय वायर पडून होती, ती त्या शहाण्यांनी काढलीच नव्हती. स्टुलावर मी चढले, स्टूल वन्संनी धरलं. वायर बदलली तर पडदा काळा आणि मधोमध 'नो सिग्नल'. वन्संनी कपाळाला हात लावला. मग लक्षात आलं, टीव्ही अजून जुन्याच वायरीकडे कान लावून बसलाय. रिमोटवर 'इनपुट' दाबून त्याला नवं दार दाखवलं. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये शिरून पाचशे शहात्तरचं एक हजार ऐंशी केलं. क्षणभर अंधार, आणि मग रंग असे उजळले की दोघी एकदमच "अगंबाई" म्हणालो.

चित्राच्या कडा अजून कापल्या जात होत्या, टेनिसचा स्कोअर अर्धा पडद्याबाहेर. चित्राच्या मापाचं सेटिंग शोधून तेही ठीक केलं.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तू नसतीस तर मी तो 'नो सिग्नल'च बघत बसले असते." मी लग्न होऊन आले तेव्हा या माझ्या धाकट्या नणंदेच्या दोन वेण्या होत्या. सासूबाईंच्या शिस्तीत तिला 'अहो वन्सं' म्हणायचं, ते तोंडात बसलं ते बसलं. त्या मला अरेतुरे करतात, मी त्यांना अहोजाहो. त्यांनी लग्न केलं नाही. हे गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो.

२४ जानेवारी

काम शंभर टक्के झालेलं नाही. कडा स्वच्छ आहेत, पण मधे काहीतरी धुरकट आहे. बातम्या सांगणाऱ्या बाईचे कान दिसतात, कानातलं दिसतं, नाक-डोळे मात्र कुणीतरी अंगठ्याने पुसल्यासारखे.

'शार्पनेस' वाढवून बघितला. प्रत्येक आकृतीभोवती पांढरी रेघ आली, भूत दिसावं तशी. परत शून्यावर आणला.

वन्संना विचारलं. "मला तर छान दिसतंय." त्यांना सगळंच छान दिसतं, स्वभावच तसा.

२ फेब्रुवारी

आज गाडी आत घेताना फाटकाचा डावा खांब घासला. इतकी वर्षं त्याच फाटकातून गाडी काढतेय, कधी ओरखडा नाही. मी म्हटलं, गवंड्याने मागे डागडुजी केली तेव्हा खांब ओळंब्यात, म्हणजे सरळ उभा, धरला नसावा. नीट बघितलं तर मधे पोट सुटल्यासारखा वाटतो.

वन्सं शेजारी बसल्या होत्या. खांबाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. उतरून भाजीची पिशवी घेऊन सरळ आत गेल्या. एरवी एवढ्यावर तासभर प्रवचन झालं असतं.

९ फेब्रुवारी

वन्संना अलीकडे माझी फार सेवा करायची हुक्की आली आहे. सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणे, "माझा आवाज बसत चाललाय, व्यायाम हवा." चहा माझ्या हातून काढून घेऊन स्वतः गाळतात. काल थोडा बशीत सांडला होता, तेवढं निमित्त झालं. बाजारात निघाले तर म्हणतात, चालत जाऊ, गुडघे मोकळे होतील. यांचे गुडघे गेल्या वर्षापर्यंत जिना चढायला तयार नव्हते.

दुपारी कुणाशी तरी फोनवर हळू बोलत होत्या. मी आल्यावर "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. राँग नंबरशी इतका वेळ बोलणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

या वहीचा कागदही चांगला नाही. शाई पसरते आणि ओळी खाली घसरतात.

१४ फेब्रुवारी

शेवटी टीव्हीवाल्याला बोलावलं. चाळिशीचा, मितभाषी, हाताने स्वच्छ. मी त्याला सगळं सांगितलं: मधला धूर, आणि टेनिसचा चेंडू जाळ्याजवळ आला की नाहीसा होतो आणि पलीकडे उगवतो.

त्याने बॉक्स तपासला. १०८० च्या पुढे 'आय' होता. 'आय' म्हणजे आधी विषम ओळी काढायच्या, मग सम, आळीपाळीने. 'पी' म्हणजे सगळ्या ओळी एका दमात. टीव्ही या दोन अर्ध्या चित्रांची सांगड घालतो. पळत्या चेंडूच्या बाबतीत ती कधी चुकते. मला वाटलं, सापडला चोर! त्याने 'पी' केलं.

"आता बघा बाई."

चेंडू अजूनही गायब होत होता. कुणी विचारलं नसतानाच वन्संनी सांगितलं, "मला दिसतोय. पिवळा."

"पडद्यात दोष दिसत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, वॉरंटी आहे, पडदा बदलून मिळेल. तो म्हणाला, त्याआधी चाचणीचं चित्र लावून बघू, पुढच्या खेपेला घेऊन येतो. जाताना दारात वन्सं त्याच्याशी काहीतरी बोलल्या. फाटकाचं बोलल्या असतील. त्याचा भाऊ गवंडी आहे म्हणे.

१९ फेब्रुवारी

आज सिद्ध झालं. टीव्हीवाल्याने पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर चौकटींचं जाळं आलं, काळ्यावर पांढऱ्या रेषा, आमच्या आलेखाच्या कागदासारखं. बघून जीव सुखावला, क्षणभरच. मधल्या रेषा वाकड्या! सरळ येतात येतात आणि मधे खड्ड्यात पडल्यासारख्या आत ओढल्या जातात. काही चौकटी तर नाहीतच, तिथे करडा डाग.

"हे बघा," मी बोट ठेवलं. "इथे."

गंमत म्हणजे मी बोटाकडे बघितलं की खोट बोटापाशी येते. वर बघितलं की वर सरकते. हे बहुधा चित्र पुन्हा पुन्हा नव्याने काढलं जातं त्यामुळे असावं. टीव्हीवाल्याला तसं म्हटलं.

त्याने फोनवर पडद्याचा फोटो काढून मला दाखवला. "बाई, फोटोत रेषा कशा आहेत?"

"अशाच. वाकड्या. बघा, फोटोतही आलं!"

वन्सं उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्याने सामान आवरलं आणि फार हळू आवाजात म्हणाला, "पडदा चांगला आहे बाई. मी कंपनीला काही लिहू शकत नाही." पुरावा हातात असताना! हुशार माणूस, पण कंपनीला घाबरतो.

२० फेब्रुवारी

आधी सकाळपासूनचं क्रमाने लिहिते.

सकाळी ठरवलं, कंपनीला मीच लिहायचं, आणि मोजमापासह लिहायचं. कपाटातून माझी पोलादी पट्टी काढली. पेन ड्राइव्ह तो विसरून गेला होता, की मुद्दाम ठेवून गेला होता कोण जाणे. जाळं लावलं. वाकड्या रेषेवर पट्टी टेकवली, म्हणजे रेष पट्टीपासून किती ढळते ते मोजता येईल.

पट्टीही वाकडी होती.

मी ती काढून टेबलाच्या कडेवर ठेवली. टेबलाची कड वाकडी. उभी राहून दाराकडे पाहिलं, दाराची चौकट मधे आत गेलेली. फाटकाचा खांब आठवला. हातातली पट्टी बोटांनी चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोटांना ती सरळ लागत होती. जन्मभर तिच्यावर विश्वास ठेवलाय, ती खोटं बोलणार नाही.

मग मी उजवा डोळा झाकला. डावा माझा लहानपणापासूनच आळशी, त्याने कधी धड काम केलं नाही. त्याला जाळं पुसट दिसलं. पण सरळ दिसलं.

कधीपासून माहीत नाही, वन्सं दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "वन्सं, टीव्ही ठीक आहे."

त्या रडायला लागल्या. मला वाटलं, माझ्यासाठी.

२१ फेब्रुवारी

टॅक्सीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मोठ्या डॉक्टरांकडे महिनामहिना नंबर लागत नाही म्हणतात, वन्संनी एका फोनवर आजचा मिळवला.

डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाची. तिने मला तळहाताएवढं कार्ड दिलं. त्यावर तेच जाळं, मधे ठिपका. मी हसले. म्हटलं, "हे आमच्याकडे भिंतीएवढं आहे." तिला वाटलं, घाबरून बरळतेय.

डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या ऐन मध्यावर, जिथे बारीकसारीक सगळं दिसतं तिथे, खालून नाजूक रक्तवाहिन्या उगवल्यात आणि त्या झिरपताहेत. पडदा फुगलाय, म्हणून रेषा वाकतात. महिना झाला, सगळेच 'पडदा, पडदा' म्हणत होते. मी भिंतीकडे बघत होते.

"इतके दिवस लक्षात कसं आलं नाही?" मी विचारलं.

"मेंदू सांभाळून घेतो. जिथे दिसत नाही तिथे आजूबाजूचं बघून भरून काढतो."

शेजारच्या ठिपक्याकडे बघून. हे मला कुणी शिकवायला नको होतं.

उपाय आहे. डोळ्यात इंजेक्शन, दर महिन्याला, किती ते आत्ता सांगता येत नाही. झिरपणं थांबेल, गेलेलं किती परत येईल, तेही सांगता येत नाही. "थोडं आधी यायला हवं होतं," ती म्हणाली. "यात आठवड्यांनी फरक पडतो." मग फाइल चाळत सहज म्हणाली, "दहा तारखेची वेळ घेतली होती ना तुम्ही? रद्द का केलीत?"

मी वन्संकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मान खाली गेलेली तेवढी दिसली.

२२ फेब्रुवारी

आज सकाळी विचारलं.

फाटकाला गाडी घासली तेव्हाच त्यांना संशय आला होता. नऊ तारखेला त्यांनीच दवाखान्यात फोन केला, दहा तारखेची वेळ घेतली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रद्द केली.

"का?"

"तू चिडली असतीस."

"वन्सं, खरं सांगा."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मग म्हणाल्या, "तुझे डोळे गेले तर लेक तुला घेऊन जाईल. घर बंद होईल. तुला लेक आहे, वहिनी. मला कोण आहे? मी कुठे जाऊ? म्हटलं, असेल काही किरकोळ, चार दिवस थांबू. मग आणखी चार दिवस. टीव्हीवाल्याला सांगितलं होतं मी, की तूच काहीतरी करून तिला दाखव. माझी जीभ रेटत नव्हती."

मी उठून खोलीत आले आणि दार लावून घेतलं. आत्ता इथे बसून लिहिते आहे, ओळी घसरताहेत, घसरू देत. माझ्या डोळ्याचे दहा-बारा दिवस त्यांनी स्वतःच्या भीतीपायी घालवले. हे मी विसरणार नाही.

आणि त्यांनी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? हा प्रश्न मला आत्ता नको आहे.

२६ फेब्रुवारी

इंजेक्शन झालं. दुखलं नाही, पण सुई येताना दिसते. बाहेर आले तेव्हा वन्सं बाकावर बसलेल्या, माझी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून. टॅक्सीत बसताना त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला, कारण पायरी दिसत नव्हती.

११ मार्च

घरात एवढी शांतता की फ्रिज बोलतो. त्या वर्तमानपत्र वाचत नाहीत, मी वाचा म्हणत नाही. टीव्ही बंद.

दुपारी मी चहा केला. पातेलं कलंडलं, ओट्यावर धार लागली. त्या धावत आल्या आणि दारातच थबकल्या. पुढे यावं की नाही ते त्यांना कळेना. वयाच्या साठीत माझ्याच घराच्या, त्यांच्याही घराच्या, स्वयंपाकघरात शिरायला त्या परवानगी शोधत होत्या. ती भीती मी या घरात नवी नवरी असताना रोज अनुभवली होती. तेव्हा दोन वेण्यांची एक मुलगी येऊन सांडलेलं पटकन पुसायची, सासूबाईंना कळायच्या आत.

म्हटलं, "बघताय काय वन्सं, फडकं आणा."

फडकं आणलं. पुसून झाल्यावर म्हणाल्या, "चुकले गं."

"चुकलातच," मी म्हटलं. "आता चहा गाळा. मला कपाचा काठ दिसत नाही."

३ एप्रिल

दुसऱ्या इंजेक्शननंतर जाळ्यातला खड्डा उथळ झालाय. करडा डाग आहे तिथेच आहे. डॉक्टर म्हणाल्या, झिरपणं थांबतंय. ठळक अक्षर भिंग धरून वाचता येतं. गाडी मात्र नाही. "आता नाही, की कधीच नाही?" डॉक्टरांनी फाइल मिटून ठेवली, तेव्हाच उत्तर कळलं.

घरी आल्यावर गाडीत जाऊन बसले, चालकाच्या जागेवर, किल्लीशिवाय. वन्सं खिडकीतून बघत होत्या. हाक मारायला आल्या नाहीत, ते बरं केलं.

२० एप्रिल

लेक आली आहे. अपेक्षेप्रमाणे: "आई, घर आवरून माझ्याकडे चल. आत्यासाठी चांगलं वसतिगृह बघू, ज्येष्ठांचं." वन्सं भाजी निवडत होत्या. हात थांबले नाहीत, फक्त मंदावले.

माझा विचार झालेला नव्हता. खरं सांगायचं तर लेकीकडे जाण्याची ओढ होती. तिथे दवाखाना जवळ, नातवंडं, कशाची काळजी नाही. आणि तो दहा तारखेचा सल होताच, तो अजून आहे. पण तोंडातून निघालं ते असं: "मला फाटकापासून नळापर्यंत हे घर डोळे मिटून चालता येतं. तुझ्या घरात मी पहिल्या दिवसापासून आंधळी होईन."

"आणि इंजेक्शनला दर महिन्याला नेणार कोण? टॅक्सी मिळाली नाही तर?"

कोथिंबिरीच्या काड्या मोडत वन्सं म्हणाल्या, "मी गाडी शिकते."

लेक हसली. मीही हसले. वन्सं हसल्या नाहीत.

८ जून

वन्सं दोनदा परीक्षेत नापास. एकदा मागे घेताना खुणेचा खांब पाडला. घरी येऊन म्हणाल्या, "तो ओळंब्यात नव्हता." पोट धरून हसलो. आमच्यात असं हसू पुष्कळ दिवसांनी झालं.

संध्याकाळी टेनिस. चेंडू मला अजून अधूनमधून दिसतो-नसतो. त्या सांगतात, "गेला, आला, जाळ्यात." एखादा चुकीचाही सांगतात, मग प्रेक्षक ओरडले की म्हणतात, "हां, आत होता."

२४ जून

परवाना परवा हातात आला आणि आज इंजेक्शनची तारीख. मी शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. रात्रभर झोपल्या नसाव्यात, पण पावडर लावून, नवी साडी नेसून तयार. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. मी मनात क्लच दाबत होते, ब्रेक मारत होते, पण जीभ दाताखाली धरली.

मोठ्या चौकात लाल दिव्याला थांबलो. मागे गाड्यांची रांग. कुणीतरी आत्तापासूनच भोंगा वाजवत होतं. वन्संच्या कपाळावर घाम. स्टिअरिंग असं धरलेलं, की सोडलं तर ते उडून जाईल.

"वहिनी," त्या म्हणाल्या, नजर समोरच ठेवून, "झाला का गं हिरवा? जाऊ?"

सगळं आयुष्य हे असं मला विचारून. मी समोर बघितलं. चौक होता, माणसं होती, खांब होता. खांबाच्या वरच्या टोकाला, ऐन जिथे दिवा असायला हवा तिथे, माझा करडा डाग होता.

"मला दिसत नाही, वन्सं," मी म्हटलं. "तुम्ही बघा."

त्यांनी मान वर केली. नीट बघितलं. मागचा भोंगा वाजत होता, त्यांनी त्याला वाजू दिलं. मग गिअर पडला, आणि गाडी एकही हिसका न देता चौकात शिरली.